घरातल्या कुंड्यांची माती दोन दिवसांत कोरडीठाक, झाडं सहा महिन्यांपासून तेवढीच

खिडकीतली बाग | १४ एप्रिल, सकाळी ९:४०

नमस्कार. नागपूरला मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते, हॉल पश्चिमेला आहे. सप्टेंबरात नर्सरीतून सात झाडं आणली: दोन पीस लिली, एक अरेका पाम, दोन सिंगोनियम, एक रबर प्लांट, एक स्नेक प्लांट. आणली त्याच आठवड्यात सगळी आठ इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत लावली. मिश्रण निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग गांडूळखत, पाव भाग लाल माती आणि वर मूठभर निंबोळी पेंड.

सकाळी पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरची माती भुशासारखी होते. कुंडी उचलली तर हाताला वजनच लागत नाही. लिली माना टाकते. १ एप्रिलला कूलर सुरू केला तेव्हापासून रोज पाणी घालून राहिले, तरी तेच.

शिवाय वाढ थांबली आहे. लिली आणली तेव्हा तिची पानं वीतभर होती, आता नवीन येतं ते जेमतेम चार बोटं. अरेकाने सहा महिन्यांत एक झावळी काढली, तीही टोकाला करपलेली. १९:१९:१९ हे विद्राव्य खत दोनदा दिलं, काही फरक नाही. स्नेक प्लांट तेवढा ठणठणीत आहे. पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं ते साठवून घालते.

आई गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आली, तिचं महाल भागातलं अंगण सुटलं. ही झाडं तिच्यासाठी आणली. रोज सकाळी चहाच्या आधी ती नवीन पान आलं का ते बघते, आणि मला काय उत्तर द्यावं कळत नाही. कृपया मार्ग सांगा.

चौथा मजला | १४ एप्रिल, सकाळी १०:१५

ताई, एप्रिलमध्ये नागपुरात दुसरं काय होणार? दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते, तिथे आठ इंची कुंडीचं काय. सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी घाला. आमच्याकडे मेमध्ये तसंच करतो.

संत्र्याची फोड | १४ एप्रिल, सकाळी ११:०२

मला वाटतं कुंडी लहान पडते आहे. बारा इंचीत लावून बघा. जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल.

काळी रेगूर | १४ एप्रिल, दुपारी १:०५

ताई, पाणी वाढवायच्या आणि कुंडी बदलायच्या आधी एक तपासणी करा. भिजलेली माती लवकर वाळत असेल तर उपाय वेगळा असतो. माती मुळात भिजतच नसेल तर उपाय वेगळा. वरून दोन्ही कुंड्या अगदी सारख्या दिसतात.

कोकोपीट ओलं असेपर्यंत पाणी छान धरतं. एकदा कडकडीत वाळलं की मात्र पाणी झटकून टाकतं. वाळताना ते आकसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग तुम्ही वरून घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बशीत जमा होतं. बशी भरली की आपल्याला वाटतं झाडाचं पोट भरलं.

स्वयंपाकघरातला वजनाचा काटा घ्या. लिलीची कुंडी पाणी घालायच्या आधी तोला. नेहमीएवढंच पाणी घाला, बशीत यायला किती वेळ लागतो ते मोजा, बशी रिकामी करून पुन्हा तोला. मग तीच कुंडी बादलीत, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत पाण्यात येईल अशी पाऊण तास ठेवा. बाहेर काढून अर्धा तास निथळू द्या आणि तिसऱ्यांदा तोला. तिन्ही आकडे इथे लिहा. तोपर्यंत खत पूर्ण बंद. कोरड्या मुळांवर विद्राव्य खत पडलं तर टोकं करपतात, आणि तुमच्या अरेकाची करपली आहेतच.

वऱ्हाडी माळी | १४ एप्रिल, दुपारी ३:३०

ताई, मी पंधरा वर्सांपासून नर्सरीत काम करून राहिलो, एक गोष्ट सांगतो. हे घरातले झाडं आपल्या इकडे लय कमी तयार होतात. मोठा माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येते. तिकडं लाल चिकट मातीत, काळ्या पिशवीत वाढवतात. गोळा घट्टच पायजे, नाई तर ट्रकमधी फुटते अन् झाड मरते. प्रवासासाठी ते बरोबरच हाय.

मंग लोक काय करतात? पिशवी फाडली, गोळा तसाच्या तसा कुंडीत ठेवला, भोवती कोकोपीट भरलं. पानी भोवतालच्या भुसभुशीत मालातून निघून जाते अन् मधातला गोळा कोरडाच. मुळं तर सारे त्या गोळ्यात असतात! तुमी लावताना गोळा फोडला होता का? अन् तोच गोळा पावसाळ्यात उलटा वागते. एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाई, मुळं सडतात.

लिलीचं अजून एक सांगतो. काही लिलीच्या बुडाशी प्लास्टिकची जाळीदार टोपी असते, लहानपणी रोप त्यात लावलेलं असते. ते कोनीच काढत नाई.

खिडकीतली बाग | १४ एप्रिल, रात्री ८:५०

माळीदादा, गोळा फोडला नव्हता. मुळांना धक्का लागू नये म्हणून मुद्दाम जपून ठेवला होता.

रेगूरकाका, आकडे घ्या. (तुमच्या लिहिण्यावरून काका म्हणते आहे, चुकलं असेल तर सांगा.) पाणी घालायच्या आधी १८५० ग्रॅम. मी एक तांब्या घालते, मोजलं तर साडेसातशे मिली. ते आठ-दहा सेकंदांत बशीत यायला लागलं. नंतरचं वजन १९६० ग्रॅम. बादलीत पाऊण तास ठेवून, निथळून: ३०७० ग्रॅम. बादलीत ठेवल्यावर पहिली दहा मिनिटं बुडबुडे येत होते.

काळी रेगूर | १४ एप्रिल, रात्री ९:३५

काकाच म्हणा, वय आहेच तेवढं.

तांब्यातल्या ७५० पैकी फक्त ११० ग्रॅम पाणी कुंडीत राहिलं. सातवा हिस्सा. बाकी सगळं बशीत. बुडवून ठेवल्यावर त्याच कुंडीने आणखी १११० ग्रॅम पाणी घेतलं. म्हणजे कुंडी लहान नाही आणि मिश्रणाची पाणी धरायची ताकदही कमी नाही. तुमची लिली गेले कित्येक आठवडे रोज अर्ध्या पेल्यावर दिवस काढते आहे.

वाढ खुंटण्याचं मूळही मला इथेच दिसतं. पान मोठं होतं ते पेशी पाण्याने फुगून ताणल्या जातात म्हणून. पाणी थोडं जरी कमी पडलं तरी हा ताण सैल होतो आणि पान आहे त्या मापावर थांबतं. माना टाकणं ही फार पुढची पायरी, वाढ त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असते. त्यातून खत मुळांपर्यंत जातं ते पाण्यात विरघळूनच. पाणी पोचत नसेल तर १९:१९:१९ कुंडीत नुसतं साठत राहतं. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, मला आजार एकच वाटतो.

स्नेक प्लांट ठणठणीत आहे कारण तो पानांत पाणी साठवतो आणि त्याची पर्णछिद्रं मुख्यतः रात्री उघडतात. त्याला या दुष्काळाची झळ लागली नाही.

आता रोजचं पाणी बंद करा. रोज वजन तेवढं लिहून ठेवा आणि २२०० च्या आसपास आलं की पुन्हा बादली.

गच्चीवरचा शेतकरी | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

इतका खटाटोप कशाला? कोकोपीट हे बाहेरचं खूळ आहे. आपली काळी माती मिसळा. आमच्या काटोलकडच्या शेतात मे महिन्यातसुद्धा वितभर खाली ओल सापडते. ज्या मातीवर विदर्भाची संत्री आणि कापूस उभा आहे ती चार पानं पोसू शकत नाही का?

काळी रेगूर | १५ एप्रिल, सकाळी ९:१०

शेतकरी दादा, माझं अर्धं आयुष्य काळ्या मातीच्या नमुन्यांत गेलं, नावही तिचंच घेतलं आहे. तिच्याविषयी तुमच्याइतकंच प्रेम आहे. पण कुंडीत ती घालू नका, निदान घरातल्या कुंडीत तरी.

काळ्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे तुम्ही बघताच. शेतात त्या भेगांचा उपयोग आहे, पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून खोल उतरतं, आणि खाली काही फूट माती ओल धरून बसलेली असते. आठ इंची कुंडीला खाली काही नाही. तिथे तीच माती ओली असताना हवा कोंडते आणि वाळली की कडेपासून सुटून मुळं तोडते. म्हणजे कोकोपीटची फट होती तिथे अधिक मोठी फट.

तुळस, जास्वंद, मोगरा गच्चीवर मोठ्या कुंडीत असेल तर एक चतुर्थांश काळी माती चालते. भरपूर शेणखत आणि कन्हान नदीच्या जाड रेतीबरोबर. लिली-सिंगोनियमला मात्र नको.

गच्चीवरचा शेतकरी | १५ एप्रिल, सकाळी ९:४५

गच्चीवरच्या मोगऱ्याला माझं तसंच मिश्रण आहे, म्हणून म्हटलं. घरातल्या झाडांचा अनुभव नाही, हे मान्य.

संत्र्याची फोड | १५ एप्रिल, सकाळी ११:३०

मग बारा इंची कुंडीचा माझा सल्ला चुकला का?

काळी रेगूर | १५ एप्रिल, दुपारी १२:१५

मुळांनी कुंडी गच्च भरली असेल तर मोठी कुंडी घ्यायलाच हवी, तेव्हाही एक-दोन इंचांनीच मोठी. इथे भोवतालच्या मिश्रणात मुळं गेलीत की नाहीत हेच अजून माहीत नाही. मुळं नसलेली जास्तीची माती ओली राहून आंबते. झाड बाहेर काढून बघितल्याशिवाय कुंडी ठरवू नये.

उन्हाळी झोत | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

पाण्याबद्दल सगळं पटलं. पण नागपूरच्या घरात उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते आणि ती घरच्यांच्या लक्षात येत नाही. सकाळी दहाला आपण खिडक्या लावतो, जाड पडदे ओढतो, बाहेरून हिरवी नेट बांधतो, आणि संध्याकाळी सहापर्यंत घर अंधारं ठेवतो. माणसांना गार वाटतं. झाड मात्र दिवसभर रात्रीत उभं असतं. मी मोबाइलवरच्या लक्समीटरने मोजलं होतं: खिडकीपासून दोन फुटांवर पडदा उघडा असताना १८०० लक्स, पडदा लावल्यावर ९०. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण वीसपट फरक कुणालाही समजेल.

ताई, पूर्वेला खोली आहे का? सकाळी दहापर्यंतचं ऊन पातळ पडद्यातून मिळालं तर लिलीला आणि सिंगोनियमला तेवढं पुष्कळ झालं. पश्चिमेचं दुपारचं ऊन काचेतून घेऊ नका, पान भाजतं.

आणि कूलरचा थेट झोत कुठल्या झाडावर येतो तेही बघा. कूलरची हवा दमट असते, एसीपेक्षा झाडाला बरी. पण झोतात उभ्या असलेल्या पानांतून पाणी सतत ओढलं जातं. झाड झोताच्या बाजूला सरकवा, खोली तीच राहू द्या. पानांवर फवारे मारण्यात वेळ घालवू नका, दहा मिनिटांत वाळून जातात. त्यापेक्षा सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात जवळजवळ ठेवा.

रसायनशाळा | १५ एप्रिल, रात्री १०:०५

आरओच्या पाण्याचा मुद्दा राहून गेला. आरओच्या आतल्या गाळणाऱ्या पडद्यातून शुद्ध पाणी पलीकडे जातं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात. ते उरलेलं पाणी म्हणजेच तुम्ही कुंडीला घालता ते. फरशी पुसायला, संडास धुवायला उत्तम. रोज कुंडीत घातलं तर क्षार साठत जातात, आणि क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कार्बोनेटमुळे मातीचा सामूही (पीएच) वर सरकतो. मग लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का?

कूलरच्या टाकीचं पाणीही तसंच. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात, वर आपण रोज नवीन पाणी ओततो. आठवडाभरानंतरचं टाकीतलं पाणी चाखलं तरी कळेल. दर रविवारी टाकी धुऊन ते पाणी झाडांना घालणारी बरीच घरं मला माहीत आहेत, त्यांना कळकळीने सांगणं आहे, ते घालू नका. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, ते हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

चौथा मजला | १५ एप्रिल, रात्री १०:४०

कूलरचं पाणी मी तीन वर्षांपासून मनी प्लांटला घालत आलो. उद्यापासून बंद. दोनदा पाणी घालण्याचा माझा सल्लाही मागे घेतो.

खिडकीतली बाग | २० एप्रिल, रात्री ९:१५

सहा दिवसांच्या नोंदी: ३०७० वरून आज २२३०. आजच पुन्हा बादलीत ठेवली. सहा दिवस पाणी घातलं नाही आणि लिली एकदाही वाकली नाही. आईला आधी पटेना, रोज विचारायची, "झाडाला उपाशी ठेवलंस का गं?"

पांढरा थर आहे. काठावर आणि मातीवरही. शेजारच्या दादांकडून टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) आणला: नळाचं पाणी २४०, आरओचं सोडलेलं ६१०. आरओचं बंद केलं, आता नळाचंच.

झाडं पूर्वेच्या खोलीत हलवली. आज एक लिली काढून बघू का? एप्रिलात काढावी की नाही?

वऱ्हाडी माळी | २० एप्रिल, रात्री ९:५०

थांबा ताई. मिरगापर्यंत थांबा. ह्या उन्हात मुळं उघडे केले तर झाड झांजवते. आता बादलीत ठेवून भागवा, ७ जूनच्या आसपास मृग लागला की सारे झाडं बिनधास्त काढा. नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून यायचा हाय.

काळी रेगूर | २० एप्रिल, रात्री १०:२०

माळीदादांचं म्हणणं बाहेरच्या झाडांबद्दल आणि पामबद्दल शंभर टक्के खरं आहे. अरेकाला आता हात लावू नका. पामची मुळं दुखावली की ती सावरायला फार वेळ घेतात. त्याच्या गोळ्यात फक्त विणायच्या सुईने किंवा उदबत्तीच्या काडीने पाच-सहा भोकं पाडा, तिरकी, आणि बादलीत ठेवा. पाणी भोकांतून आत शिरेल.

लिलीचं मात्र मी आत्ता करीन. घरातली आहे, सावलीत आहे, कंद भक्कम असतो. दोन लिली आहेत, एक आता करा, एक मृगात. माळीदादा, चालेल ना?

वऱ्हाडी माळी | २० एप्रिल, रात्री १०:३१

एक करायले हरकत नाई. संध्याकाळी करा, अन् पंख्याखाली बसून करू नका.

खिडकीतली बाग | २१ एप्रिल, रात्री ९:००

केलं. आई शेजारी बसली होती.

कुंडी उलटी करून थोपटली तर भोवतालचं कोकोपीट भसकन खाली पडलं, त्यात मुळं जवळजवळ नव्हतीच. मध्ये नारळाएवढा लाल गोळा. काल रात्रीच पाऊण तास बादलीत होता, तरी बाहेरून बोटभर ओला आणि आत भाजलेल्या विटेसारखा. बोटाने दाबला तर नख मोडलं. माळीदादा, बुडाशी जाळीची काळी टोपीसुद्धा निघाली, त्यातून मुळं अशी आवळली होती की टोपी कात्रीने कापावी लागली. सहा महिने मी या झाडाला खत देत होते आणि ते या टोपीत बसलं होतं. मला फार वाईट वाटलं.

गोळा कोमट पाण्याच्या टपात तासभर ठेवला, मग पाण्यातच हळूहळू चोळून सोडवला. सगळी माती काढली नाही, मुळं मोकळी होतील एवढीच. मुळं बरीच तपकिरी, टोकं काही पांढरी. आईने म्हटलं, "लहान मुलाचे केस विंचरावे तसं कर." तसंच केलं.

आता कशात लावू? आज रात्रीपुरती ओल्या कापडात गुंडाळून ठेवली आहे.

काळी रेगूर | २१ एप्रिल, रात्री ९:२५

छान. कापड ओलं राहू द्या, उद्या सकाळी लावा. मुळं तेवढीच असतील तर तीच आठ इंची कुंडी पुरे, सहा इंची असेल तर आणखी बरं.

कोकोपीट वापरा, पण धुऊन. वीट भिजवून फुगली की पाणी पिळून फेका, दोनदा. नारळाच्या सालीत मूळचे क्षार असतात. त्यात चाळलेलं जुनं गांडूळखत आणि काहीतरी भरड. पर्लाईट (हलके पांढरे खनिज कण) महाग वाटत असेल तर आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून धानाचं तूस येतं, ते अर्धवट जाळून काळं केलेलं वापरा, पांढरी राख होईपर्यंत जाळू नका. कोकोपीट दोन भाग, तूस एक, गांडूळखत एक. लाल माती टाकू नका. लावण्याआधी मिश्रण हातात दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, इतकं ओलं करून घ्या. कोरडं मिश्रण भरून वरून पाणी घातलं की पुन्हा पहिल्या दिवसाचीच गोष्ट.

तळाशी खड्यांचा थर नको. पाणी खाली लवकर जातं हा समज आहे, प्रत्यक्षात ओली पट्टी खड्यांच्या वर सरकते आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी ठेवा, पुरे.

उन्हाळी झोत | २२ एप्रिल, सकाळी ८:१०

वरून सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा अर्धा इंच थर द्या. वरची माती भुशासारखी व्हायची थांबेल.

सिंगोनियमवाली | २ मे, दुपारी ४:२०

हा धागा वाचून मी माझं रबर प्लांट कुंडीतून काढलं. माझ्याकडे गोळा नव्हता, पण मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके होते, कुंडीच्या आतल्या भिंतीलाही. बुरशी समजून सोडणार होते.

वऱ्हाडी माळी | २ मे, संध्याकाळी ५:४५

ताई, तो मुळावरचा पिठ्या ढेकूण हाय. भिंग घेऊन पाहा, हलतील. सारी माती फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. मुळं वाहत्या पाण्यात धुवा, कुंडी साबनानं घासून उन्हात ठेवा, नव्या मातीत लावा. बाजूच्या कुंड्या पन तपासा.

खिडकीतली बाग | २६ मे, रात्री ९:३०

नवतपा सुरू झाला. बाहेर ४५ च्या वर आहे.

सोडवलेली लिली पहिले दहा दिवस पडूनच होती, मी मनातून हरले होते. मग सावरली. आता कुंडी दर चार दिवसांनी बादलीत जाते. वरून पाणी घातलं तरी बशीत यायला मिनिटभर लागतं, म्हणजे मिश्रण पाणी पितं आहे. वजनाचा काटा आता फारसा लागत नाही, हाताला कळतं. आईलाही कळतं. ती सकाळी दोन्ही कुंड्या उचलून सांगते, कुठली तहानलेली आहे.

नवीन पान एकही नाही. विचारते, कारण अजूनही काळजी वाटते.

काळी रेगूर | २६ मे, रात्री १०:००

आधी मुळं होतील, मग पान. मुळं आपल्याला दिसत नाहीत म्हणून हा काळ लांब वाटतो. शिवाय ४५ अंशांत झाड जगणं एवढंच काम करतं. तुमची झाडं सप्टेंबरात आली, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही उष्ण प्रदेशातली झाडं थांबतातच, त्यामुळे सहा महिन्यांतले दोन-अडीच महिने तर नैसर्गिक विश्रांतीचेच होते. पाऊस येऊ द्या. खत अजून नको.

खिडकीतली बाग | १४ जून, सकाळी ८:३०

काल रात्री चांगला पाऊस झाला. आज दुसरी लिली, दोन्ही सिंगोनियम आणि रबर प्लांट काढले. चौघांच्याही पोटात तोच लाल गोळा. दुसऱ्या लिलीलाही टोपी होती. अरेकाच्या गोळ्याला फक्त खालून थोडं मोकळं केलं आणि दहा इंचीत ठेवला, त्याची मुळं मात्र कडेपर्यंत आली होती. काडीने पाडलेल्या भोकांतून मुळं वळलेली दिसली!

पहिल्या लिलीच्या मधून एक हिरवी सुरळी वर आली आहे.

रसायनशाळा | १४ जून, सकाळी ९:२०

पाऊस आहे तोवर सगळ्या कुंड्या एक-दोनदा बाहेर ठेवून पावसाच्या पाण्याने भरपूर वाहू द्या. साठलेले क्षार धुऊन निघायला याहून चांगलं पाणी नाही. मग पंधरवड्यानंतर १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, माती ओली असतानाच.

खिडकीतली बाग | २० जुलै, सकाळी ७:५०

पहिल्या लिलीला तीन पानं आली. सुरळीतून उघडलेलं पहिलं पान आज पूर्ण पसरलं. आईने चहाच्या आधी स्वतः वीत लावून मोजलं. तिची वीत पुरली नाही, वर दोन बोटं लावावी लागली. सिंगोनियमची पानंही तळहाताएवढी झाली आहेत. रबर प्लांट अजून आहे तिथेच आहे.

तुम्हा सगळ्यांना आईने नमस्कार सांगितला आहे.

वऱ्हाडी माळी | २० जुलै, सकाळी ८:१५

माय बाईले आमचाही नमस्कार. रबर प्लांट दिवाळीपर्यंत वाढाले लागेल, त्याची घाई करू नका. अरेकाची झावळी कशी हाय?

खिडकीतली बाग | २० जुलै, सकाळी ८:२२

नवीन आली आहे, अजून भाल्यासारखी मिटलेलीच आहे. टोक हिरवं आहे. उघडली की लिहिते.